घाट बंद झाला, तर पुढचे बारा तास कोण काय करणार? छोट्या धंद्यासाठी एक पानी कृती आराखडा



भांडवल, जागा, परवाने, मार्केटिंग यावर आपण चॅनेलवर भरपूर बोललो. आजचा विषय कोणी स्वतःहून विचारत नाही, पण धंदा टिकणार की बुडणार हे कधीकधी याच्यावरच ठरतं. प्रश्न साधा आहे: मोठी अडचण आली, तर तुमच्या दुकानात, हॉटेलात, गॅरेजमध्ये पहिल्या तासाला कोण काय करणार?

याची उत्तरं साधारण तीन येतात. "तेव्हाचं तेव्हा बघू." "मी असतोच की दुकानात." आणि "विमा काढलाय." पहिल्या उत्तरात तयारी नाही. दुसऱ्यात सगळा भार एकाच माणसावर आहे, आणि तो माणूस नेमका त्या दिवशी मुंबईला माल आणायला गेलेला असू शकतो. तिसरं उत्तर नुकसान झाल्यानंतरचं आहे. पहिल्या तासात यातलं एकही उपयोगी पडत नाही.

त्यासाठी लागतो तो इन्सिडंट अ‍ॅक्शन प्लॅन, म्हणजे घटना कृती आराखडा. नाव मोठं आहे, काम एका पानाचं आहे. आज आपण तो पोलादपूर-महाड पट्टा आणि कशेडी घाट डोळ्यांसमोर ठेवून बनवू. तुमचा धंदा दुसरीकडे असला तरी पद्धत हीच.

उदाहरणाला कशेडीच का?

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडलं की कशेडी घाट लागतो. अलीकडची बाजू रायगड जिल्ह्यात, पलीकडची रत्नागिरीच्या खेड तालुक्यात. घाटाला पर्याय म्हणून सुमारे दोन किलोमीटरचा जोडबोगदा खणला गेला आणि २०२३ च्या गणेशोत्सवात त्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी खुली झाली. प्रवास सोपा झाला. पण डोंगर तोच आहे आणि पाऊसही तोच. रस्त्यालगतचे ढाबे, चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, गॅरेजवाले, महाडच्या बाजारपेठेतले व्यापारी या सगळ्यांचा धंदा याच रस्त्यावर आणि याच नदीकाठी उभा आहे.

या पट्ट्यानं काय काय पाहिलंय ते आठवून बघा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली, चाळीसच्या आसपास लोकांचा जीव गेला. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं की पूल जागेवर नाही, आणि त्यानं येणारी वाहनं थांबवली, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. लक्षात घ्या, अशा वेळी रस्त्यावर पहिला हजर असतो तो तुमच्या-माझ्यासारखा छोटा धंदेवाला. पोलीस, रुग्णवाहिका, पथकं नंतर पोचतात.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. त्याच वेळी महाड शहर पाण्याखाली होतं. वीज गेली, मोबाइल बंद पडले, रस्ते तुटले. तळियेत बाहेरची मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

या घटनांतून आपल्या आराखड्यासाठी तीन गोष्टी निघतात. अडचण रात्री येऊ शकते. फोन लागेलच असं नाही. आणि बाहेरची मदत यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. आपला कागद या तिन्ही गोष्टी खऱ्या धरून लिहायचा.

जाड फाइल आणि एक पान यातला फरक

काही जणांकडे "आपत्ती व्यवस्थापन" नावाची फाइल असते. आग, पूर, भूकंप, चोरी, सगळं त्यात असतं. ती असावी. पण दरड आल्यावर रात्री सात वाजता ती फाइल कोण वाचणार?

कृती आराखडा वेगळा असतो. तो एका घटनेचा असतो आणि ठरावीक तासांचा असतो. आत्ता काय झालंय, पुढच्या इतक्या तासांत आपल्याला काय साधायचंय, कोण काय करणार, एवढंच त्यात. वेळ संपली की तो कागद बाजूला ठेवायचा आणि पुढच्या तासांसाठी नवा लिहायचा.

ही पद्धत आली कुठून? १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले. अनेक खात्यांची माणसं विझवायला आली. पण हुकूम कोणाचा पाळायचा, कोणाचा रेडिओ कोणाशी जुळतो, एकाच वस्तूला कोण काय म्हणतो, यातच गोंधळ झाला. त्यातून एक ठरलेली रचना तयार झाली: एक प्रमुख, ठरलेली कामं, ठरलेली भाषा आणि ठरावीक वेळेचा लेखी आराखडा. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि प्रत्यक्ष घटनेची सूत्रं उपविभागात प्रांताधिकाऱ्यांकडे, तालुक्यात तहसीलदारांकडे असतात.

म्हणजे तुमचं पान हे सरकारी यंत्रणेला पर्याय नाही. यंत्रणा पोचेपर्यंत तग धरायची, आणि ती पोचली की तिच्या हाताखाली नीट काम करायचं, यासाठी ते आहे.

पानावर सहा प्रश्न

१. काय झालंय? दोन-तीन ओळी. नक्की माहीत आहे तेच लिहायचं. ऐकीव गोष्टीपुढे "ऐकीव" असं लिहायचं.

२. हा आराखडा किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

३. या वेळेत काय साधायचंय? जास्तीत जास्त चार उद्दिष्टं.

४. प्रमुख कोण, तो नसेल तर कोण, आणि कोणतं काम कोणाकडे?

५. आपल्याकडे काय आहे? पाणी, धान्य, गॅस, डिझेल, बॅटऱ्या, दोर, औषधं, वाहन.

६. धोका कशात आहे, आणि निरोप कसे जाणार?

यात सगळ्यात जास्त गफलत तिसऱ्या प्रश्नात होते. "सगळ्यांची काळजी घ्यायची" हे उद्दिष्ट नाही, ती सदिच्छा आहे. "रात्री ८ पर्यंत डोंगराच्या बाजूला लावलेल्या सगळ्या गाड्या मोकळ्या मैदानात हलवायच्या" हे उद्दिष्ट झालं. आठ वाजता बघून सांगता येतं की झालं का नाही. वेळ, आकडा आणि जागा यातलं काहीतरी प्रत्येक उद्दिष्टात हवंच.

चला, एक पान लिहून बघू

समजा, घाटाच्या पायथ्याला भोगावच्या बाजूला तुमचं हॉटेल आहे. तुम्ही धरून सहा माणसं. जुलै महिना, संध्याकाळचे साडेसहा. पुढे दरड आलीय, रस्ता बंद आहे, वीज गेलीय. हॉटेलसमोर चाळीसेक गाड्या अडकल्यात, साधारण १२० माणसं. त्यात म्हातारी माणसं आहेत, तान्ही बाळं आहेत. आता तुमचं पान असं दिसेल:

*परिस्थिती:* सायं. ६:३०. पुढे दरड, दोन्ही बाजूंची वाहतूक बंद. वीज नाही. मोबाइल अधूनमधून लागतो. हॉटेलपाशी अंदाजे १२० माणसं. कोणी जखमी असल्याचं नक्की कळलेलं नाही.

*वेळ:* आज सायं. ७ ते उद्या सकाळी ७.

*उद्दिष्टं:* एक, रात्री ८ पर्यंत डोंगरालगतच्या गाड्या हलवणं. दोन, ८ पर्यंत आजारी, गरोदर, वृद्ध आणि लहान मुलं यांची यादी करून त्यांना आत बसवणं. तीन, रात्री १० पर्यंत प्रत्येकाला एकदा गरम जेवण आणि रात्रभर पिण्याचं पाणी. चार, दर दोन तासांनी प्रशासनाला आपली स्थिती कळवणं.

*माणसं:* प्रमुख मालक, ते नसतील तर काउंटर सांभाळणाऱ्या ताई. स्वयंपाक आचारी आणि मदतनीस. गाड्या आणि बाहेरची जागा एक वेटर, सोबत प्रवाशांतले दोन धडधाकट स्वयंसेवक. यादी आणि औषधं दुसरा वेटर. निरोप मालकांचा मुलगा.

*सामान:* बारा तासांना माणशी दीड लिटर पाणी धरलं, तर १२० जणांना १८० लिटर, म्हणजे वीस लिटरचे ९ जार. खिचडीला माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आणि २५ ग्रॅम डाळ धरली, तर ९ किलो तांदूळ आणि ३ किलो डाळ. भरलेले सिलिंडर किती, जनरेटरचं डिझेल किती तास पुरेल, विजेऱ्या किती.

*धोका:* दरड बघायला कोणीही जायचं नाही, आपली माणसंही नाहीत. वरून बारीक दगड पडायला लागले, झाडं कललेली दिसली, जमिनीला भेग पडली किंवा ओहोळाचं पाणी एकदम गढूळ झालं, तर सगळ्यांनी ठरलेल्या मोकळ्या जागी निघायचं. सामान तिथंच सोडायचं. खूण: शिट्टी, तीन वेळा.

*निरोप:* ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. शिवाय तहसील कार्यालय, पोलादपूर पोलीस ठाणे आणि महामार्ग पोलिसांचे स्थानिक नंबर. फोन लागला नाही तर दुचाकीवरून पोलादपूरला माणूस पाठवायचा, रस्ता सुरक्षित असेल तरच.

संपलं. एवढंच पान. वाचायला दोन मिनिटं. आता यातल्या काही ओळी अशाच का लिहिल्या, ते बघू.

प्रमुख एकच, आणि त्याला पर्यायही

पाच-सहा माणसांच्या धंद्यात "आपण सगळे मिळून बघू" म्हटलं की दोघं एकच काम करतात आणि एक काम कोणीच करत नाही. म्हणून निर्णय एकानं घ्यायचा. एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, हे प्रमाण मोठ्या यंत्रणांमध्येही धरतात. माणसं वाढली तर गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एक मुकादम नेमायचा.

आणि मालक हजर नसेल हे धरूनच चालायचं. ज्या ताई रोज काउंटर सांभाळतात, त्यांना गल्ला माहीत आहे, गोडाऊनची किल्ली माहीत आहे. त्यांना "तुम्ही ठरवलं तरी चालेल" हे आधीच आणि सगळ्यांसमोर सांगून ठेवा. नाहीतर त्या मालकाचा फोन लागायची वाट बघत बसतील आणि तास निघून जाईल. तुमच्याशिवाय चालत नाही असा आराखडा म्हणजे आराखडाच नाही, मंडळी.

घाटाच्या कोणत्या बाजूला आहात?

ही गोष्ट स्थानिक माणसालाच सुचते, म्हणून मुद्दाम लिहितोय. घाट मधोमध बंद झाला की जवळचं रुग्णालय कोणतं, हे तुम्ही दरडीच्या कोणत्या बाजूला आहात यावर ठरतं. अलीकडे असाल तर पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय आणि मग महाड. पलीकडे असाल तर खेडजवळचं कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय. दोन्ही पानावर लिहून ठेवा.

पर्यायी रस्त्याचंही तसंच. महाडहून विन्हेरे-नातूनगरमार्गे खेडकडे जाता येतं. पण त्या दिवशी तो रस्ता चालू आहे का, हे पोलिसांना विचारल्याशिवाय कोणालाही तिकडे पाठवू नका. तुमच्या शब्दावर एखादं कुटुंब रात्री अनोळखी रस्त्यावर जाणार असतं.

अपघातातल्या जखमीला मदत करायला अजूनही काही जण कचरतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलंय. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. आपल्या माणसांना हे समजावून सांगा.

दर कोण ठरवणार?

धंद्याचा प्रश्न आहे, टाळायचा कशाला? अडलेल्या माणसाकडून दुप्पट पैसे घ्यायचा मोह होतो. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग विकू नका. बाकीच्या गोष्टींचे दरही आधीच ठरवा: खिचडी आणि चहा नेहमीच्या दरात, लहान मुलं आणि आजारी माणसांना फुकट. पाटीवर लिहून लावा, म्हणजे वेटरला प्रत्येकाशी हुज्जत घालावी लागणार नाही. एका रात्रीत जास्तीचे चार-पाच हजार मिळतील हो. पण हीच गाडी गणपतीला परत याच रस्त्यानं जाते, आणि तेव्हा ती कुठं थांबायचं हे आठवून ठरवते.

महाडच्या दुकानदारांसाठी: वाट बघू नका, खूण ठरवा

दरड अचानक येते. पूर बहुतेक वेळा आधी खुणा देतो. त्यामुळे बाजारपेठेतल्या दुकानदारानं आपलं पान "पाणी आलं की" या शब्दांनी सुरू करू नये. तोवर उशीर झालेला असतो.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथून पोलादपूरवरून ती महाडला येते. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खातं २०४.४ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला "अतिमुसळधार"च्या शेवटच्या पायरीत धरतं. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. वरचं पाणी खाली येणारच, आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल तर ते लवकर उतरतही नाही. म्हणून महाडच्या आभाळाकडे बघून अंदाज बांधायचा नाही. महाबळेश्वर-पोलादपूरचा पाऊस, नदीची पातळी आणि भरतीची वेळ, तिन्ही बघायच्या.

मग खुणा ठरवा. ऑरेंज अलर्ट आला की खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायच्या. रेड अलर्ट आला किंवा नदीनं इशारा पातळी गाठली, की दुकान बंद करून वह्या, बिलं, संगणक, महाग माल वर न्यायचा. धोक्याची पातळी गाठली, की मेन स्विच बंद, गॅस बंद, आणि माणसं बाहेर. माल राहिला तर राहिला. शेवटची ओळ ठळक अक्षरात लिहा: या वेळेनंतर कोणीही मालासाठी परत दुकानात जायचं नाही. ही ओळ शांतपणे आधी लिहिली, तरच ऐन वेळी पाळली जाते.

माल कोणत्या क्रमानं हलवायचा तेही लिहा. सगळा माल हलवणं होत नाही. तासाभरात दोन माणसं किती गोणी वर नेऊ शकतात, एकदा करून बघा.

सकाळी सात वाजता दुसरं पान

पहिल्या पानाची वेळ संपली की सगळ्यांना दहा मिनिटं गोळा करा. काय झालं, काय राहिलं, काय बदललं? माणसं थकलीत का? कोणाला झोपायला पाठवायचं? मग पुढच्या बारा तासांचं पान लिहा. आता उद्दिष्टं वेगळी असतील.

पूर ओसरल्यावरच्या पानावर या गोष्टी हव्यातच: वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. चिखलात उतरताना गमबूट आणि हातमोजे घालायचे, कारण पुराच्या पाण्यानं लेप्टोचा धोका असतो. पायाला जखम असलेल्यानं उतरू नये, ताप आला तर अंगावर काढू नये. साफसफाईच्या आधी नुकसानीचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यायचा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं.

विम्याचं म्हणाल, तर एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही प्रमाणित पॉलिसी आहे. पूर आणि दरड दोन्ही तिच्यात येतात. तुमच्या पॉलिसीत इमारतीबरोबर मालही धरलाय का, आणि मालाची रक्कम आजच्या साठ्याएवढी आहे का, हे आजच उघडून बघा. आणि पॉलिसीचा नंबर त्या एका पानावर लिहा, कारण मूळ कागद भिजलेला असू शकतो.

आता गृहपाठ

या रविवारी एक तास काढा. सहा प्रश्नांचं कोरं पान छापा, दहा प्रती. तुमच्या धंद्याला सगळ्यात जास्त धोका असलेल्या एका घटनेचं पान भरा. एक प्रत काउंटरला, एक घरी, एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीत. तहसील कार्यालयात जाऊन नियंत्रण कक्षाचा नंबर घ्या आणि आपल्याकडे जागा, मोठी भांडी, जनरेटर काय आहे ते त्यांना कळवून ठेवा.

आणि मग खरी परीक्षा. एखाद्या संध्याकाळी तुम्ही स्वतः बाहेर जा. फोन बंद ठेवा. हॉटेलातल्या किंवा दुकानातल्या माणसांना आधी सांगून ठेवा की, "सात वाजता घाट बंद झालाय असं समजा आणि पान काढा." तासाभरानं परत येऊन विचारा, कुठं अडलं? किल्ली सापडली का? विजेरीत सेल होते का? मैदानाकडे जाणारा रस्ता मोकळा होता का?

जिथं अडलं, ती ओळ पानावर दुरुस्त करा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा, वर्षातून दोनदा एवढं केलंत तरी खूप झालं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर काळजी घ्या, आणि पान आजच भरायला घ्या!